शेगडीची पाठ

घराची वाटणी झाली तेव्हा काही म्हणून सोडलं नव्हतं. शिडी धाकट्याकडे गेली, कारण तो रंगारी. कुऱ्हाड थोरल्याकडे गेली, कारण तो लाकडाच्या वखारीत कामाला. मोठं पातेलं थोरल्याच्या बायकोने उचललं, तेव्हा धाकट्याच्या बायकोने त्याचं झाकण मागून घेतलं. तेव्हापासून एकीचं पातेलं उघडं आणि दुसरीचं झाकण खुंटीला. अंगणातली एक फरशी जास्तीची निघाली, तर ती फोडून अर्धी अर्धी केली. ते दोन्ही तुकडे अजून दोन बाजूंना पडून आहेत. एवढी चोख वाटणी करणाऱ्या माणसांच्या नजरेतून एकच गोष्ट सुटली. ऊब.

वडिलांनी बांधलं तेव्हा घर एकच होतं. मधोमध जाड मातीची भिंत आणि त्या भिंतीत बसवलेली विटांची शेगडी. शेगडीचं तोंड डाव्या खोलीत, पाठ उजव्या खोलीत. वाटणीत डावी बाजू थोरल्याला आली, उजवी धाकट्याला. तोंड ज्याच्याकडे त्याने लाकूड घालायचं, राख काढायची, धूर खायचा. पाठ ज्याच्याकडे त्याने नुसतं शेकत बसायचं. म्हाताऱ्या आईची खाट आधीपासूनच त्या पाठीला लागून होती. थंडीत तिचे गुडघे गाठोड्यासारखे सुजायचे, पण भिंतीला टेकून निजली की सकाळी उठून स्वतःच्या पायाने दारापर्यंत जायची. म्हणून खाटेसकट ती धाकट्याकडे राहिली. धाकट्याने तिला जेवू घालायचं आणि थोरल्याने तिला शेकायचं, असा तो सौदा होता. पण तो कुणी कधी तोंडाने बोललं नाही. त्यामुळे आपण करतो ते उपकार आणि समोरचा करतो ते त्याचं कर्तव्यच, अशी दोन्ही घरांत पक्की समजूत होती.

रोज संध्याकाळी वखारीतून आला की थोरला शेगडी पेटवायचा. लाकडाने धरलं की शेजारी भिंतीवर मुठीने दोनदा ठोकायचा. पलीकडून म्हातारी एकदा ठोकायची. पोचलं. मायलेकांचं दिवसभरातलं बोलणं तेवढंच. थोरल्याची बायको भांड्यातून मान न काढता म्हणायची, "झाला निरोप?"

त्या वर्षी थंडी लवकर आली. बादलीतल्या पाण्यावर सकाळी सायीसारखा बर्फ धरायला लागला, आणि नेमकं त्याच सुमाराला वखारवाल्याने तुकडे द्यायचं बंद केलं. आजवर कापणीतून उरलेले तुकडे, साली कामगार घरी न्यायचे. आता ट्रक यायला लागला. ते सगळं भरून कुठल्याशा कारखान्यात जायचं, तिथे त्याचा लगदा दाबून कपाटाच्या फळ्या करत. वखारवाला म्हणाला, भुसा न्या की हवा तेवढा, मी कुठे नाही म्हणतोय. भुसा जळतो कमी आणि धुमसतो जास्त. थोरला पाठीवर पोती आणू लागला. घामाने भुसा मानेला चिकटायचा, कॉलरमधून खाली उतरायचा, घामोळ्यासारखा रात्रभर टोचायचा. बायको त्याला दाराबाहेर उभा करून झाडूने झाडायची, गल्लीदेखत, सतरंजी झाडावी तसं. तो हात वर करून, डोळे मिटून उभा राहायचा.

आणि याच दिवसांत धाकट्याने घर रंगवायला काढलं.

कुठल्याशा बंगल्याच्या कामातला उरलेला रंग होता. गुलाबी, पण कसला तरी नव्हे. बंगल्याच्या मालकिणीने दहा डबे परत पाठवून मग पसंत केलेला. धाकट्याने आढ्यापासून ओळंबा सोडला, खडूची रेघ मारली आणि रेघेच्या उजवीकडे भेगांत लांबी भरून, पॉलिश पेपर घासून, हात फिरवावा अशी भिंत केली. रेघेच्या डावीकडे ब्रशचा केससुद्धा गेला नाही. थोरल्याची अर्धी भिंत होती तशीच होती. पण काल ती नुसती जुनी होती, आज मळकी झाली. लोक पत्ता सांगताना म्हणू लागले, गुलाबी घर आहे ना, त्याच्या शेजारचं. छप्पर दोघांचं एकच, धुराडंही एकच, पण शेजारचं.

थोरल्याच्या बायकोने हेही गिळलं असतं. ती गिळणारी बाई होती. गिळून पुन्हा वर काढून चघळायची, एवढंच. पण धाकट्याच्या बायकोने आतल्या मधल्या भिंतीला फुलाफुलांचा कागद लावला आणि तो बघायला गल्लीतल्या चार बायका जमल्या. कुणीतरी विचारलं, मातीच्या भिंतीवर कागद, ओल नाही का धरायची? त्यावर ती हसून म्हणाली, "या भिंतीला कसली ओल? आयती शेकून निघते. आम्हाला काडी ओढायला नको."

भिंत जाड होती, पण एवढीही नव्हती.

"आयती," थोरल्याची बायको त्या रात्री जेवण वाढताना एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवशी झाडू मारताना पुन्हा म्हणाली. तिसऱ्या दिवशी तिने पुढचं वाक्य काढलं. "शेगडी बाहेरच्या भिंतीला घ्या. आपली ऊब आपल्या घरात राहू दे."

"आई आहे पलीकडे," थोरला म्हणाला.

"आई आहे म्हणून त्यांनी एक काटकी टाकली का आपल्या दारात? इकडे तुमच्या मानेची सालं निघाली आणि तिकडे फुलं शेकतायत."

थोरल्याला कुणाकडे काही मागायचं म्हणजे घशात हाड. तरी तो गेला. धाकटा शिडीवर उभा राहून खिडकीची चौकट रंगवत होता. तो खाली उतरला नाही. थोरला मान वर करून बोलत राहिला, की यंदा वखारीतून लाकूड मिळत नाही, थोडं सरपण तूही घातलंस तर बरं, आईसाठी म्हणून. धाकट्याने ब्रश डब्याच्या काठावर निपटला.

"दादा, भिंत गरम होते ती तिची ती होते. तू काय आमच्यासाठी जाळतोस? तू तुझ्या घरात शेकतोस."

"मी आईसाठीच म्हणतोय."

"आईला मी दोन वेळा जेवू घालतो. त्याचं कधी मागायला आलो का तुझ्या दारात? मी मागत नाही, तूही मागू नकोस. दोघंही सुखी."

थोरला परत आला तेव्हा त्याच्या कपाळावर गुलाबी थेंब होता. बायकोने तो ओल्या फडक्याने खसाखसा पुसला. "लागला एकदाचा रंग आपल्या बाजूलाही," ती म्हणाली आणि कोपऱ्यातून घमेलं, थापी आणि हातोडा काढून दारात मांडून ठेवला.

सुट्टीच्या दिवशी थोरल्याने शेगडी पाडायला घेतली. वडिलांनी मातीच्या गाऱ्यात बसवलेल्या विटा वर्षानुवर्षं भाजून एकजीव झाल्या होत्या. छिन्नी लावली की वीट सुटण्याऐवजी कोपरा उडायचा. काजळी नाकात, दातांत, पापण्यांवर बसली. बायको विटा बाहेर नेऊन ओल्या कुंच्याने घासत होती, तिचे हात कोपरापर्यंत काळे आणि बोटं गारठून वाकडी. पहिल्या काही घावांनंतर पलीकडून आवाज आला. म्हातारीचा.

"अरे, काय पाडतोयस?"

थोरल्याचा हात तसाच वर राहिला. बायकोने दारातून आत येऊन भिंतीशी तोंड नेलं. "काजळी साफ करतायत, आई. धुराडं तुंबलंय."

मग म्हातारी म्हणाली, "बरं झालं. काजळी निघाली की चांगलं तापेल."

थोरल्याने पुढचा घाव इतक्या जोरात घातला की वीट न फुटता हातोड्याचा दांडाच मोडला. कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने त्याने उरलेलं काम केलं. संध्याकाळी भिंतीत एक काळं भगदाड राहिलं, ते त्याने जुन्या विटांचे तुकडे आणि माती कोंबून बुजवलं. वरून गिलावा दिला. वाळल्यावरही तेवढा भाग वेगळा दिसायचा, कपड्याला लावलेल्या ठिगळासारखा.

नव्या शेगडीचं धुराडं बाहेरून चढवायचं तर शिडी लागणार, आणि शिडी धाकट्याची. थोरला पुन्हा गेला. धाकट्याने विचारलं, कशाला हवी. थोरला म्हणाला, धुराडं चढवायचंय, बाहेरच्या भिंतीला. धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. त्याला सगळं समजलं. त्याने एक शब्द बोलायचा अवकाश होता, की दादा, असं नको करूस, आई गारठेल. पण तो शब्द बोलला असता तर इतकी वर्षं आपण काहीतरी घेत होतो हे कबूल करावं लागलं असतं. त्याने शिडी भिंतीपासून काढून दिली. "पायऱ्यांना माती लावू नकोस," तो म्हणाला. "लोकांच्या घरात न्यायची असते मला ती."

शेगडी झाली. पेटलीही. पहिल्या दिवशी थोरल्याच्या बायकोने तिच्याकडे पाठ करून चहा घेतला आणि तिचा चेहरा बऱ्याच दिवसांनी सैल झाला. मग हळूहळू लक्षात यायला लागलं की खोली तापते ती शेगडीपासून दोन हातांपर्यंतच. बाकीची ऊब कुठे जाते याचं उत्तर बाहेर मिळालं. गल्लीतली सगळी मांजरं त्या बाहेरच्या भिंतीला येऊन चिकटली होती. इतर ठिकाणी दहिवर गोठून पांढरं झालेलं असायचं, तिथे मात्र कोरडी करडी माती आणि तिच्यावर ओळीने पसरलेली मांजरं, पोटं वर करून. येणारे जाणारे बघून हसायचे. कुणीतरी थोरल्याला म्हणालं, "भाडं घेता की नाही यांच्याकडून?" बायकोने दोनदा गरम पाणी टाकून मांजरं हाकलली. ती वाळून पुन्हा आली.

पलीकडे म्हातारी पहिले काही दिवस समजत होती की अजून पेटवलेली नाही. संध्याकाळ झाली की ती तळहात कागदावरच्या फुलांवर टेकवून बसायची. मग तिनेच एकदा ठोकलं. अलीकडे थोरला बसला होता. त्याने ऐकलं. तिने थोड्या वेळाने पुन्हा ठोकलं. त्याने मूठ उचलली आणि मांडीवर ठेवली. ठोकून काय सांगायचं होतं?

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा ठोकलं. मग बरेच दिवस ठोकत राहिली. मग बंद झालं.

त्या भिंतीला जन्मात कधी थंडी ठाऊक नव्हती. ती घामेजायला लागली. कागदाच्या कडा सुटल्या, फुलांच्या मागून काळे ठिपके उमटले आणि खोलीला ओल्या पोत्याचा वास येऊ लागला. धाकट्याने विजेचा एक छोटा हीटर आणला. त्याच्या बायकोने तो म्हातारीच्या पायांपाशी ठेवला, खरं सांगायचं तर दोन दिवस ठेवलाही. पण मग कागदाचा सगळ्यात मोठा फुगा खाटेच्या उशाशी आला, आणि तिने हीटरचं तोंड भिंतीकडे वळवलं. म्हातारी आपल्या पायांवर घोंगडी ओढून हीटरची पाठ बघत पडायची. एकदा तिने सुनेला विचारलं, की फुलांना बरं वाटतंय का आता. सून म्हणाली, अजून नाही.

गुडघे सुजले. दारापर्यंतची चाल गेली, मग खाटेखाली उतरणंही गेलं, मग खोकला आला. धाकट्याच्या बायकोला रोज चादरी धुवाव्या लागू लागल्या. त्या वाळेनात. एका सकाळी, गल्ली जागी असताना, धाकट्याने आईला घोंगडीसकट उचललं आणि थोरल्याच्या दारात आणून उभा राहिला. बायको मागून खाट ओढत आली.

"ऊब इकडे आणलीस ना," धाकटा म्हणाला. "मग आईही घे."

गल्ली बघत होती. थोरला बाजूला झाला.

खाट आत आली आणि अडचण उभी राहिली, ती कुठे लावायची. बाहेरच्या भिंतीला शेगडी, तिच्या शेजारी भुशाची पोती, दुसऱ्या अंगाला नवरा-बायकोची खाट. मोकळी भिंत एकच होती. मधली. ठिगळाची.

"तात्पुरती इथे ठेवू," थोरल्याची बायको म्हणाली.

म्हातारीने पडल्या पडल्या खोलीभर नजर फिरवली. शेगडीवर ती थांबली. "बरीच लांब गेली की रे काजळी," ती म्हणाली.

थोरल्याने काही दिवसांनी रात्री बायकोजवळ विषय काढला, की आपली खाट इकडे घेऊ आणि आईची शेगडीपाशी. बायकोने कूस वळवली. ती वाईट बाई नव्हती. म्हातारी घरात आल्या दिवसापासून तिने तिचे केस विंचरले, औषध दिलं. रोज संध्याकाळी शेगडीत एक वीट तापवून, फडक्यात गुंडाळून तिच्या पायांशी ठेवली. पण खाटेचं नाव काढलं की तिला स्वतःची कंबर आठवायची.

"दिवसभर गार पाण्यात हात असतात माझे," ती म्हणाली. "माझी कंबर कोण शेकणार? त्यांना त्या भिंतीची सवय आहे."

थोरल्याने पुढे ताणलं नाही. पोती वाहून कंबर त्याचीही गेली होती आणि शेगडीशेजारी ती रात्रभर बरी राहायची. मनातून त्याला बायको नाही म्हणाली याचं बरंच वाटलं. तेवढं ओझं तिच्या नावावर गेलं.

तेव्हा म्हातारी त्याच भिंतीला टेकून पडली, फक्त दुसऱ्या अंगाने. पलीकडे फुलं, अलीकडे ठिगळ. मधे वीतभर गार माती. वीट पायाशी यायची तेव्हा चटका द्यायची. घरातलं शेवटचं भांडं घासून होईपर्यंत ती नुसती वीट व्हायची. पहाटे वखारीला निघताना थोरल्याला ती रोज तशीच दिसायची, कूस वळवून, तळहात ठिगळावर सपाट ठेवलेला. जणू आता तीच भिंतीला शेकत होती. तो पाय न वाजवता बाहेर पडायचा.

एकदा ती म्हणाली, "एवढं पाडायच्या आधी ठोकायचं होतंस. मी सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतंस?"

तिने थोडा विचार केला. "मलाच इकडे घे म्हटलं असतं. तोंडापाशी. धूर काय, खाल्ला असता."

थोरला बूट घालत होता. एका बुटाची नाडी तो उगाच पुन्हा पुन्हा बांधत राहिला. ही गोष्ट इतक्या वर्षांत चौघांपैकी कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

थंडी उतरणीला लागली, दुपारी ऊन अंगाला लागू लागलं, आणि अशाच एका दुपारी म्हातारी गेली. थोरल्याची बायको भुशाचं पोतं आत ओढत होती. तिने पोतं भिंतीशी टेकवलं, म्हातारीला दूध हवं का विचारलं, उत्तर आलं नाही म्हणून पुन्हा विचारलं. मग जवळ गेली. भिंतीवरचा हात काढून छातीवर ठेवताना तिला तो भिंतीइतकाच गार लागला. ती मोठ्याने रडली. खरं रडली. ते पलीकडे ऐकू गेलं.

भेटायला येणारी माणसं कुठे बसवायची हा प्रश्न आला नाही. थोरल्याकडे धूर, एकच खोली, बसायला पोती. माणसं आपोआप गुलाबी अर्ध्यात शिरली. धाकट्याच्या बायकोने सोनेरी काठाच्या कपबशा काढल्या, ज्या अजून खोक्यातच होत्या. थोरल्याची बायको आतून चहा गाळून देत होती, धाकटी बाहेर नेऊन देत होती. येणारा प्रत्येक जण आधी म्हातारीबद्दल दोन शब्द बोलायचा आणि मग भिंतीकडे बघून म्हणायचा, "कागद छान होता हो. ओल कशी काय धरली?"

दोन्ही भाऊ एकाच बाकावर बसले होते. दोघांनी एकदमच सांगितलं, यंदा थंडीच जास्त होती.

पुढच्या थंडीच्या तोंडावर थोरल्याच्या बायकोने स्वतःच विषय काढला. शेगडी फार खाते, तिने हिशेब मांडला. बाहेरच्या भिंतीला घातलेलं निम्मं मांजरं खातात. मधल्या भिंतीला परत घ्या. खोली नीट तरी तापेल. आता पलीकडे कोण शेकतंय, नाही शेकतंय, कशाला बघायचं? थोरल्याने हातोड्याला नवा दांडा बसवला.

शिडी मागायला गेला तेव्हा धाकट्याने कशाला म्हणून विचारलं नाही. उलट स्वतः येऊन खालून धरून उभा राहिला. ठिगळ फोडलं, त्याच जुन्या विटा, जेवढ्या शाबूत होत्या तेवढ्या, त्याच जागी परत बसवल्या. दोघा भावांनी मिळून गारा कालवला. कामात कधी एकमेकाला हात लागला तर दोघंही पटकन मागे घ्यायचे. धाकट्याची बायको चहा घेऊन आली आणि म्हणाली, "बरं केलंत भावोजी. आमची भिंत पार सडत चालली होती."

काही दिवसांत भिंत पूर्वीसारखी तापू लागली. पलीकडची ओल सुकली, काळे ठिपके झडले, धाकट्याच्या बायकोने नवा कागद आणून लावला, या वेळी बारीक पानांचा. खाटेची जागा मोकळी होती. तिथे तिने काचेच्या दारांचं कपाट आणून भिंतीला अगदी लावून ठेवलं. कपाटाच्या फळ्या त्याच, वखारीतल्या तुकड्यांचा लगदा दाबून केलेल्या. आत सोनेरी काठाच्या कपबशा मांडल्या. कुणी आलं की ती दार उघडून एखादा कप त्यांच्या हातात द्यायची. बघा, कोमट लागतो की नाही. गंमतच आहे.

एका संध्याकाळी थोरला वखारीतून आला. दारात उभा राहून त्याने भुसा झाडून घेतला, आत आला, शेगडी पेटवली. पोत्याच्या तळाशी चुकून आलेले दोन चांगले तुकडे होते, त्यांनी लगेच धरलं. भिंतीतून पलीकडे ऊब सरकली असेल एवढ्या वेळाने, काही मनात न आणता, त्याने मुठीने दोनदा ठोकलं.

पलीकडे कपबशा किणकिणल्या.

त्याची मूठ भिंतीवर तशीच राहिली. बायकोने भांड्यातून मान वर काढली, पण या वेळी ती काही म्हणाली नाही. भिंतीपलीकडून धाकट्याच्या बायकोचा आवाज आला, अगदी स्पष्ट, शेजारी बसून बोलावं तसा.

"भावोजी, ठोकू नका हो. फुटतील."